सातशे वॉटचा डबा

वायरमनचं सगळं आयुष्य लोकांच्या घरांत वायरी ओढण्यात गेलं होतं. विजेच्या बाबतीत कुणी त्याला शिकवलेलं खपायचं नाही. घरात तो आणि लेक, दोघंच. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

लेक कॉम्प्युटरवर एकेक चित्र काढून हलत्या चित्रांची फिल्म करायची. गेली दोन वर्षं ती एकाच फिल्मच्या मागे होती. अकरा मिनिटांची, आईवरची. महिनाअखेर ती एका स्टुडिओला पाठवायची होती, नोकरीसाठी. जुनं मशीन मात्र धापा टाकत होतं. साठवलेल्या पैशांतून तिनं नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि हात रिकामे झाले.

"बाबा, हे कार्ड वीज जास्त खातं. मशीनला वीज देणारा जुना डबा, पॉवर सप्लाय, पुरणार नाही. तेवढा तुम्ही आणाल?" तिनं चिठ्ठीवर नाव लिहून दिलं.

दुकानदारानं चिठ्ठीतला डबा काउंटरवर ठेवला. साडेपाचशे वॉटचा. वायरमनची नजर शेजारच्या डब्यावर गेली. सातशे वॉट, आणि किंमत निम्म्याहून कमी.

"तो नका घेऊ, काका," दुकानदार म्हणाला. "स्टिकरवर काय, काहीही छापतात. कार्डानं ताण दिला की याला झेपणार नाही. जाताना बाकीचंही घेऊन जाईल."

"तीस वर्षं झाली मला या धंद्यात. मला वीज शिकवता?"

त्यानं डबा उचलला. हलका लागला. चांगल्या सामानाला वजन असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण लेक लाकडी स्टुलावर बसून काम करायची, रोज संध्याकाळी पाठ धरून उठायची. वाचलेल्या पैशांत तिच्यासाठी टेकायची खुर्ची येत होती. त्यानं डबा पिशवीत टाकला.

खुर्ची बघून लेक लहान मुलीसारखी गोल गोल फिरली. डब्याचं नाव वेगळं दिसलं तेव्हा म्हणाली, "चालेल ना हो हा?" तो म्हणाला, "पळेल."

आठ दिवस पळालाही. नवव्या दिवशी दुपारी तो कुणाच्या तरी घरी शिडीवर असताना फोन आला. "बाबा, फट्‌ असा आवाज आला. काहीच चालू होत नाहीये."

घरी येऊन त्यानं मशीन उघडलं. जळका वास नाकात गेला. कार्ड गेलं होतं, बोर्ड गेला होता, फिल्म जिच्यावर होती ती डिस्कही गेली होती. दुसरी प्रत ठेवायला वेगळी डिस्क ती पुढच्या महिन्यात घेणार होती. जळलेली डिस्क दोन ठिकाणी दाखवली. दोघांनीही नकारार्थी मान हलवली.

महिना संपला. लेक एका फोटो स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायला जाऊ लागली. घरी आली की भांडी घासायची, कपडे वाळत घालायची, त्याच्याशी नेहमीसारखं बोलायची. हे नेहमीसारखं बोलणंच त्याला सोसेना.

एके दिवशी ताटावर बसल्यावर तो म्हणाला, "दुकानदारानं मला बजावलं होतं."

"माहितीये. डिस्क घेऊन मी आधी त्याच्याकडेच गेले होते."

"मग बोलली का नाहीस? एकदा ओरड तरी माझ्यावर."

"ओरडून काय होणार आहे, बाबा?"

"मी नवं मशीन घेऊन देतो. हप्त्यांनी घेऊ. तू परत काढ."

तिनं हातातला घास ताटात ठेवला. "परत कसं काढू? आई चालायची कशी, पदर कसा खोचायची, वळून कशी बघायची, ते दोन वर्षांपूर्वी मला नीट आठवत होतं. एकदा चित्रांत उतरवलं आणि मी निर्धास्त झाले. आता डोळे मिटले तर चित्रंच आठवतात, तीही अर्धवट. आई दिसत नाही."

त्यानंही डोळे मिटले. आपल्याला तरी ती नीट दिसते का, हे तो बघत होता.

"जेवा, गार होतंय," लेक म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला.