माझ्या टोपीखालचा म्हातारा

परदेशात आमची ओळख टोपीपुरती उरली होती. विभागप्रमुखांच्या पत्नीने सहलीसाठी सर्वांना एकाच कापडाच्या पिवळ्या टोप्या शिवून दिल्या होत्या. रंग असा, की कावीळ झालेल्या माणसालाही आपण ठणठणीत आहोत असे वाटावे. सरांना चष्मा होता, पण विद्यार्थ्यांसमोर तो लावणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. त्यामुळे बस सुटण्यापूर्वी ते दाराशी उभे राहून डोकी नव्हे, टोप्या मोजत. संख्या जुळली की चालकाला हात करीत आणि "आधुनिक कविता सुखरूप आहे," असे म्हणून स्थानापन्न होत.

आधुनिक कविता म्हणजे आम्ही, तिचे पदव्युत्तर विद्यार्थी. जे समजत नाही त्यावर गंभीरपणे मान डोलावण्याचे आम्ही रीतसर शिक्षण घेतले होते, आणि त्या विषयात कुणीही नापास झालेले नव्हते.

त्या दिवशी सकाळी बसमध्ये मी कात्रीला एकटेपणावरची नवी कविता दाखवली. कात्री म्हणजे आमच्या वर्गातली ती मुलगी, जी कुणाच्याही ओळीतली विशेषणे पेन्सिलीने उडवून टाकी. माझी 'विदीर्ण, धूसर, अनाम संध्याकाळ' तिच्या हातून नुसती 'संध्याकाळ' होऊन परत आली होती. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, मी त्या पेन्सिलीच्या प्रेमात होतो. आज तिने पेन्सिल काढलीच नाही. ते अधिक लागले.

"तुझा एकटेपणा ना," ती म्हणाली, "नेहमी चारचौघांत घडतो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कुणी बघत नसेल, तर तू सरळ जेवून झोपतोस."

मागच्या सीटवरून वकील खाकरला. हा माझा खोलीतला सोबती. वडिलांची वकिली तो प्रत्येक वादात फुकट चालवी. "नोंद घ्यावी," तो म्हणाला, "काल हा जेवून झोपला. शिवाय घोरला."

तेव्हाच मी ठरवले, की नाहीसे व्हायचे. बसमधली माझी जागा रिकामी दिसावी, कात्रीचा जीव खालीवर व्हावा, तिने मला शोधत यावे. एवढेच मला त्या अवघ्या परदेशाकडून हवे होते.

दुपारी बस घड्याळाच्या मनोऱ्यापाशी थांबली. चौकातल्या बाकावर एक टकला म्हातारा उन्हात बसला होता. मी माझी टोपी काढून, सर्वसंगपरित्यागाच्या थाटात, त्याच्या डोक्यावर ठेवली. त्याने ती चाचपून नीट बसवली आणि प्रसन्न हसला. मग मी पलीकडच्या कालव्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. जागा विचारपूर्वक निवडली होती: बसमधून माझी एक बाजू दिसावी आणि मागे पाणी असावे. फोन बंद केला. भोंगा वाजला, मी वळलो नाही. ज्याला कुणीतरी शोधायचे असते त्याने वळायचे नसते. मग इंजिनाचा आवाज आला, लांबला आणि संपला.

वळून पाहिले, तर बस नव्हती. बाकावर म्हाताराही नव्हता.

फोन सुरू केला. एकच संदेश होता: मोबाइल कंपनीने या देशात माझे हार्दिक स्वागत केले होते. फोन मी रागाने पुन्हा बंद केला आणि हॉटेलच्या दिशेने चालू लागलो.

वाटेत कविता सुचेल असे वाटले होते. सुचली नाही. आरंभी माझ्यापाशी अस्तित्वाची खिन्नता होती. पहिल्या पुलावर तिचा संताप झाला, बाजारपेठेत संतापाचा रुसवा, आणि नवा बूट चावू लागल्यावर रुसवाही गळून पडला. हॉटेलच्या दाराशी पोहोचलो तेव्हा माझ्या अंतर्विश्वात फक्त उजवी टाच उरली होती.

भोजनगृहात पिवळ्या टोप्यांचा घोळका होता आणि मधोमध माझ्या टोपीखाली तो म्हातारा. तो हातवारे करून बोलत होता; माना डोलत होत्या.

"ये, ये! हे स्थानिक विद्वान," वकील कुजबुजला. "सर सकाळी नाही का म्हणाले, दुपारी येतील म्हणून? चौकातून आपल्याबरोबरच चढले. काय बोलताहेत! परंपरेचं विघटन, दुसरं काही नाही."

"तुला भाषा कळते?"

"आशय कळतो."

खरा विद्वान आलाच नव्हता. पिवळ्या टोप्या बसमध्ये चढताना पाहून म्हाताराही चढला होता. माझ्याच जागेवर बसला, सरांच्या मोजणीत बसला आणि दुपारभर बोलत राहिला. हॉटेलची स्वागतिका पाणी ठेवायला आली, क्षणभर ऐकत राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "आजोबा त्यांच्या जावयाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनविषयी सांगताहेत."

डोलणाऱ्या माना थांबल्या. सरांनी मात्र क्षणही घालवला नाही. "म्हणजे विघटनच," ते म्हणाले. मग माझ्याकडे डोळे बारीक करून पाहत, "आणि तुझी टोपी कुठाय रे? परदेशात तरी शिस्त पाळा!"

कोपऱ्यातल्या टेबलाशी कात्री बसली होती. समोर एक ताट दुसऱ्या ताटाने झाकलेले.

"मी नव्हतो, हे तुला कळलंसुद्धा नाही," मी बसता बसता म्हणालो.

"खिडकीतून दिसत होतास की. पाण्याकडे बघत, एक गाल बसकडे करून."

"मग बस का नाही थांबवलीस?"

"थांबवणार होते. मग वाटलं, बिचाऱ्याला एकदा तरी कुणी न बघता एकटं राहू दे." तिने मिठाची बाटली उगाच सरकवली. "पुढच्या चौकात पस्तावले. तेव्हापासून फोन करतेय. फोन बंद ठेवून वाट बघतात होय कुणाची, गाढवा?"

मी टेबलाखाली उजवा बूट काढला.

"मग? लिहिलंस काही?"

"नाही. टाच सोलली आहे."

तिने टेबलाखाली वाकून पाहिले. "ही ओळ ठेव," म्हणाली आणि ताटावरचे ताट काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा बसपाशी हजर होता. टोपी डोक्यावर, काखेत डबा. सरांनी दाराशी उभे राहून टोप्या मोजल्या. संख्या जुळली, आधुनिक कविता सुखरूप होती. मी बोडका, म्हणजे हिशेबाबाहेर. कात्रीने शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मी तिथे बसलो. मागे म्हाताऱ्याने घसा साफ केला. हातवाऱ्यांवरून पाहता, जावयाच्या दुसऱ्या गुडघ्याला आरंभ झाला होता.

आम्ही सर्वांनी माना डोलावल्या.