लेओनाचा तास

"तळवे दाखव," लेओना म्हणाली.

कोल्बीने हात पुढे केले. तळव्यांवर तांबूस ठिपके उठले होते. वय वर्षं वीस, गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारावर कामाला. दीड महिना तो गाईंच्या सडांना लावायचं मलम हातांना चोळत होता. रक्ताचा अहवाल लेओनाच्या टेबलावर होता.

"सिफिलिस आहे. घाबरू नकोस, इंजेक्शनने बरा होतो. पण फार अंगावर काढलंस."

"मला वाटलं, धान्याच्या धुळीने झालं असेल."

"निरोध वापरत नव्हतास?"

"कशाला? दोघंही मुलगेच. पोर व्हायची भीती थोडीच होती!" तो हसला नाही. "मॅडम, शाळेत तुम्हीच शिकवलं होतंत ना? मूल नको असेल तर वापरा म्हणून."

सिरिंज भरता भरता लेओनाचा हात थांबला. नेब्रास्कातल्या या आडगावच्या सरकारी दवाखान्यात ती सव्वीस वर्षं नर्स होती. दर एप्रिलमध्ये शाळेत एक तास घ्यायची. शाळेने मंजूर केलेली पुस्तिका होती: नवरा, बायको, बाळ. शेवटी मुलांनी खोक्यात टाकलेल्या निनावी चिठ्ठ्या वाचायच्या. पुस्तिकेत न बसणारी एखादी चिठ्ठी दरवर्षी निघायचीच. ती लेओना अलगद तळाशी सरकवायची आणि वेळ संपला म्हणायची.

"अर्धंच सांगितलं मी तुम्हाला," ती म्हणाली.

"तुमच्यावर नाही ढकलत मी. फक्त आमच्या बाबांच्या कानावर जाऊ देऊ नका."

"माझ्याकडून नाही जाणार. पण तुझ्या मित्राला सांग. त्यालाही तपासायला हवं."

"तो चर्चमध्ये पियानो वाजवतो. तिथे कळलं तर त्याला काढून टाकतील," एवढंच बोलून कोल्बीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तो आठवडा लेओनाचा पाय घरात ठरेना. अर्धी भांडी घासून ती अंगणात जायची, अंगणातून परत आत.

"मुंग्या चावतायत का गं?" नवरा मायलो वैतागला. "बस की जरा!"

सोमवारी शाळेतल्या तासाआधी ती मुख्याध्यापकांकडे गेली. रेमंड ऑल्टमन लहानपणी शाळेत तिच्याच वर्गात होता.

"पुस्तिकेतलं सांग आणि घरी जा, लेओना. मला पालकांचे फोन नकोत."

"आणि मला ही पोरं अशी दीड-दीड महिना उशिरा यायला नकोत, रेमंड."

"निवृत्तीला दोन वर्षं राहिली तुझ्या. आता कशाला हे?"

ती तशीच वर्गावर गेली. पुस्तिका संपली, खोकं उघडलं. पाचवी चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली होती. बोटांनी सवयीने ती तळाशी ढकललीही. मग तिने ती पुन्हा वर काढली आणि मोठ्याने वाचली:

"सगळं मुलगा-मुलीचंच. माझ्यासारख्यांनी कोणाला विचारायचं?"

"ए, अक्षर कोणाचं आहे बघा रे!" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला.

लेओनाने चिठ्ठी घडी करून खिशात घातली. "हसून झालं? आता ऐका."

आजार मुलगा-मुलगी बघून येत नाही. दोन मुलगे असोत की दोन मुली, काळजी कशी घ्यायची, तपासणी कधी करायची, हे तिने साध्या शब्दांत सांगितलं. घंटा झाली तेव्हा कोणी हसत नव्हतं.

शुक्रवारी शाळेचं पत्र आलं. पुढच्या वर्षीपासून तो तास खेळाचे शिक्षक घेणार होते.

"झालं समाधान?" मायलोने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

तिने दवाखान्याच्या दारावर पाटी लावली: गुरुवारी दुपारी कोणीही या, नाव विचारणार नाही. तीन गुरुवार कोणी फिरकलं नाही. दारात कोणाची गाडी उभी आहे, हे त्या गावात सगळ्यांना दिसायचं. लेओना खिडकीपाशी येरझारा घालत राहायची.

चौथ्या गुरुवारी एक मुलगी आली, पायी. बुटांना शेतातला चिखल लागलेला.

"ब्लड प्रेशर बघायचंय," ती म्हणाली.

लेओनाने तिच्या दंडाला पट्टा बांधला. "एकशे बारा, सत्तर. उत्तम आहे."

मुलगी उठली नाही. "नीट बघितलंत?"

"परत बघू या."

दुसऱ्यांदाही तेच निघालं. मुलगी जमिनीकडे बघत बसून राहिली. वर केलेली बाही तिने खाली ओढली नाही.

"घाई नाही मला," लेओना म्हणाली. खुर्ची जरा जवळ ओढून तिने तिसऱ्यांदा पट्टा बांधायला घेतला.