जास्तीचे एकशेदहा किलो

बोट विकायला काढली आहे हे कोनी ग्रेकला कळलं ते मासळीच्या दुकानात, तेही एका अनोळखी माणसाच्या मोबाइलवर. फोटोत तिचीच शेड, तिचीच बोट आणि बाजूला वाळत घातलेला तिचाच टॉवेल. खाली लिहिलं होतं, ‘वडिलांची बोट, फारशी वापरात नाही, लगेच द्यायची आहे.’ नंबर रेमंडचा. म्हणजे पोटच्या पोराचा.

कोनीनं कोळंबी परत ठेवली आणि तिथूनच फोन लावला. रेमंड तेव्हा मोरानबाच्या कोळशाच्या खाणीवर ड्यूटीवर होता. त्यानं शांतपणे समजावलं की मा, तू अडुसष्ट वर्षांची आहेस. पपा जाऊन दोन वर्षं झाली. गुडघ्यांमुळे तुला आता मासेमारीला गेल्यावर तंबूत झोपता येत नाही. कॅराव्हॅन घेतलीस तर मागे कॅराव्हॅन लागणार, मग बोट कुठे लावशील? गाडीला मागे एकच काहीतरी ओढता येतं, कायदाच आहे तसा. तेव्हा बोट जाऊ दे.

सगळं बरोबर होतं, म्हणून तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वापरात नाही असं कोणी लिहिलं?" तिनं विचारलं.

"मग काय लिहू? आई ऐकत नाही, म्हणून विकतोय?"

"जाहिरात काढ. नाहीतर तुझ्या बायकोची शिवणयंत्राची खोली मी विकायला काढते."

आता खरी गोष्ट सांगायची तर ती बोट तिच्या नवऱ्याची, साल्वूची, कधी नव्हतीच. सगळ्या मकाई शहरात ‘साल्वूची बोट’ म्हणून ओळख, पण साल्वूला वीतभर लाट दिसली की पोटात ढवळायचं. तीस वर्षं दर जुलैत दोघं करुम्बाला मासे धरायला जात. रॅम्पवर उतारावरून ट्रेलर मागे घेऊन बोट पाण्यात सोडायची साल्वूनं, त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा बोट पाण्यात पडली की सुकाणू कोनीच्या हातात. नॉर्मन नदीच्या तोंडाशी वाळू यंदा कुठे सरकली आहे, रावस कुठल्या भरतीला वर येतो, हे तिला पाण्याच्या रंगावरून कळायचं. पण रॅम्पवर खुर्च्या टाकून बसलेल्या पुरुषांना दिसायचा तो ट्रेलर मागे घेणारा साल्वू. ते टाळ्या त्यालाच द्यायचे. बायकांनी दोरी धरायची, असा तिथला रिवाज. कोनीनं तीस वर्षं दोरी धरली आणि नंतर सगळे मासेही धरले.

यंदाही करुम्बाला जायचंच आणि मागे बोटच लावायची असेल तर झोपायची सोय गाडीच्या पाठीवर हवी, एवढं सरळ होतं. तिच्या युट गाडीला मागे लांबलचक उघडा हौदा होता. त्या हौद्यावर चढवायच्या खोल्या मिळतात: खाली चार पाय, पाय वर उचलले की खोली गाडीवर बसते. कोनी शहरातल्या मोठ्या दुकानात गेली. तिथला विक्रेता ब्रेंट, दात फार पांढरे. त्यानं तिला जी खोली दाखवली तिच्यात शॉवर होता, संडास होता, ओव्हन होता आणि भिंतीवर टीव्ही होता. वजन सहाशे नव्वद किलो, असं छापील कागदावर.

कोनीनं पर्समधून आपला कागद काढला. ऊसवाल्यांच्या घरात जन्मलेली बाई. कारखान्याच्या काट्यावर बापानं हयातभर भांडण केलेलं, तेव्हा वजनाच्या बाबतीत छापील कागदावर विश्वास ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलं होतं, सगळं मिळून दोन हजार नऊशे पन्नास किलोच्या वर नाही. रिकामी गाडी, टाकी भरून, पुढचा लोखंडी कठडा धरून, बावीसशे दहा भरली होती. ही वजनं ती स्वतः करून आली होती.

"राहिले सातशे चाळीस," ती म्हणाली. "त्यातली सहाशे नव्वद तुझी ही आरास. उरले पन्नास. मी एकसष्ट किलोची आहे, ब्रेंट. मी काय, अकरा किलो इथे ठेवून जाऊ?"

ब्रेंट हसला. ती गंमत करते आहे असं त्याला वाटलं. मग तिनं विचारलं, हे सहाशे नव्वद पाण्यासकट? नाही. गॅस, बॅटरी, गादी? तेही नाही. बरं, बोटीचं काय? त्यावर तो म्हणाला की बोट तर मागे आपल्या चाकांवर येणार, तिचं वजन गाडीवर कशाला येईल.

हीच ती चूक, निम्मा देश करतो ती. ट्रेलरचं नाक गाडीच्या हुकावर बसतं आणि तिथे दाबतं. कोनीच्या बोटीचं नाक पंचाण्णव किलोनं दाबायचं. तिनं घरी ते न्हाणीघरातल्या काट्यावर फळी ठेवून मोजलं होतं. काट्याची काच तडकली, पण आकडा मिळाला.

"तो हूक कोणाच्या गाडीला आहे?" तिनं विचारलं. "तुझ्या?"

ब्रेंटनं मग सुचवलं की गाडीच मोठी घ्या. तीही त्याच्याकडे मिळत होती. कोनीनं त्याचा छापील कागद त्याच्याच टेबलावर नीट घडी घालून ठेवला आणि बाहेर पडली.

पुढचे तीन आठवडे तिनं खोल्या बघितल्या. एकीचा पत्रा चांगला, पण छत इतकं उंच की वाऱ्याला अडलं असतं. एक हलकी, पण पलंग एवढ्या वर की शिडी चढावी लागली असती, आणि शिडी चढायचे गुडघे असते तर ती तंबूतच झोपली नसती का? शेवटी सरायना गावात डॉट हॅलोरन नावाची निवृत्त शिक्षिका भेटली. तिच्या कंबरेचं ऑपरेशन झालं होतं आणि खोली अंगणात चार पायांवर उभी होती. अॅल्युमिनियमचा सांगाडा, छत हातानं वर ढकलायचं, बाजूंना ताडपत्री. आत एक पलंग, एक शेगडी, एक खिडकी. संपलं.

डॉटनं कौतुकाचा एक शब्द सांगितला नाही. तिनं डब्यातून काट्याची पावती काढून दिली: तीनशे चाळीस किलो, गादी, गॅस आणि बॅटरीसकट. कागदावर तिच्या शिक्षिकेच्या अक्षरात तारीखही होती. कोनीला तिला मिठी मारावीशी वाटली.

"गळते का?" कोनीनं विचारलं.

"उशीच्या बाजूला. पाय तिकडे करून झोपायचं."

"आणि संडास?"

"करुम्बाला बांधलेला आहे की. तो उचलून न्यायची काय गरज?"

खोली हौद्यावर चढली त्या दिवसापासून कोनी दुसऱ्या उद्योगाला लागली. उसाच्या कडेला गाड्या वळवायला मोकळी पट्टी सोडलेली असते, तिथे दोन बादल्या उभ्या करायच्या आणि त्यांच्यामधून बोट मागे घ्यायची. खोलीमुळे मागची काच बंद झालेली, फक्त आरसे. ट्रेलर डावीकडे हवा तर चाक उजवीकडे फिरवायचं. पहिल्या दिवशी तिला रडू आलं आणि साल्वूचा रागही आला. मेल्यानं तीस वर्षांत एकदा तरी शिकवायचं होतं. तीन बादल्या चपट्या झाल्या. चौथी अजून आहे.

रेमंड खाणीवरून सुट्टीवर आला तेव्हा त्यानं खोलीभोवती एक चक्कर मारली, ताडपत्री हातानं चाचपली आणि जुनाच सूर लावला. गाडी वजनानं बसेल, पोलीस अडवतील, विमा हात वर करेल. वाद संपेना, तेव्हा त्यानंच तोड काढली. जसं निघायचं आहे तसं सगळं भरून शुक्रवारी कचरा डेपोच्या काट्यावर उभं करायचं. बसलं वजनात तर तो पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही बसलं तर बोट विकायची.

"जसं निघायचं तसं," तो म्हणाला. "पाणी, सामान, कुत्रा, सगळं. थापा नकोत."

"जसं निघायचं तसं," कोनीनं मान्य केलं.

शुक्रवारी सकाळी तो आला तो खांद्यावर बॅग आणि हातात बियरचे दोन खोके घेऊन. त्यानं पंधरा दिवसांची रजा टाकली होती. सोमवारी निघताना तो सोबत येणार होता. गाडी तो चालवणार, बोट तो उतरवणार, आणि झोपायचं काय, बोटीत पथारी टाकेन म्हणाला. एकटीला मात्र सोडणार नाही, हे पक्कं. त्याचं मन चांगलं होतं, यात वाद नाही. पण चांगल्या मनाची माणसं किती जागा व्यापतात हे त्यांचं त्यांना कळत नाही.

कोनीला नाही म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "बस." शेजारणीला कोंबड्यांच्या दाण्याचा डबा आणि घराची किल्ली देऊन ती परत आली, टुना नावाच्या कुत्र्याला दोघांच्या मध्ये बसवलं आणि चालवायला स्वतः बसली. किल्ली आजच का दिली, हे रेमंडनं विचारलं नाही.

डेपोच्या काट्यावर खिडकीत नोएला बसलेली. कोनीनं तिला सांगितलं की फक्त युटची चाकं काट्यावर हवीत, बोटीची खाली, म्हणजे नाकाचा दाबही धरला जाईल. रेमंड खिडकीतून डोकं काढून "पुढे, अजून पुढे" करत राहिला आणि त्याच्या नादानं बोटीची चाकंही काट्यावर चढली. मागे कचऱ्याच्या पाच-सहा गाड्या थांबलेल्या. त्यातले दोघे खाली उतरून हाताची घडी घालून उभे राहिले. ट्रेलर मागे घेणारी बाई आणि बघणारे पुरुष, हा खेळ या देशात फुकट असतो.

"उतर मा, मी घेतो," रेमंड म्हणाला आणि त्यानं चाकाला हात घातला.

कोनीनं त्याच्या मनगटावर चापट मारली, लहानपणी मारायची तशी. मग उजवा आरसा, डावा आरसा, चाक जरासं उलट, आणि बोट सरळ रेषेत दीड मीटर मागे गेली. टायर काट्याच्या कडेवरून हलकेच खाली उतरले. हाताची घडी घातलेल्यांपैकी एकानं टोपी वर केली. रेमंड आईकडे बघत राहिला.

"तीन हजार साठ," नोएला भोंग्यातून म्हणाली.

मर्यादा दोन हजार नऊशे पन्नास. एकशेदहा जास्त. रेमंडनं लांब श्वास सोडला. जिंकल्याचा आनंद त्यानं दाखवला नाही, हे त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. मी सांगत होतो, एवढंच तो म्हणाला, तेही हळू.

कोनीनं इंजिन बंद केलं नाही. "उतर," ती म्हणाली.

"काय?"

"खाली उतर. बॅग घे. खोकेही घे."

त्याला कळायला वेळ लागला. मग कळलं, आणि त्याचा चेहरा सहा वर्षांच्या पोरासारखा झाला. तो उतरला. बॅग ओढली, खोके काढले, काट्याच्या बाजूला सिमेंटवर ठेवले. गाडीचं अंग सुस्कारा टाकल्यासारखं वर आलं.

"दोन हजार नऊशे चाळीस," नोएला म्हणाली. आणि पावती छापताना भोंगा चालूच आहे हे विसरून पुढे म्हणाली, "शाब्बास गं बाई."

मागच्या गाड्यांमध्ये कोणीतरी हसलं. रेमंड हसला नाही. तो खिडकीशी आला आणि दारावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

"मा, तिकडे तुला एकटीला काही झालं तर?"

हाच खरा प्रश्न होता. जाहिरातीपासून आजपर्यंत तो हेच विचारत होता, फक्त किलोमध्ये. कोनीचा राग त्या क्षणी जरा उतरला, पण हेका नाही उतरला.

"तर तिकडे होईल," ती म्हणाली. "इथे सिंकसमोर उभी असताना झालं तर तुला बरं वाटेल?"

तो वाकला, बॅग उघडली आणि आतून कागदात गुंडाळलेला डबा काढला. त्याच्या बायकोनं पहाटे उठून केलेल्या रिकोटा चीज भरलेल्या, करंज्यांसारख्या पास्तित्सी, अजून कोमट.

"दहा किलो शिल्लक आहेत ना," तो म्हणाला. "यात बसतील."

कोनीनं डबा हातात तोलला. किलोभर असेल. तो तिनं पायापाशी ठेवला, टुनाला दटावलं आणि खिडकीतून नोएलाकडची पावती घेऊन समोरच्या काचेखाली खोचली. मग गियर टाकला.

डेपोच्या फाटकाशी रस्ता दोन्हीकडे जातो. डावीकडे घर, नऊ किलोमीटर, जिथे रेमंडची गाडी उभी होती. उजवीकडे टाउन्सव्हिलचा हमरस्ता, पुढे करुम्बाला नेणारा. कोनीनं उजवा दिवा लावला.

फोन लगेच वाजला. तिनं स्पीकरवर घेतला.

"मा, घर तिकडे नाही. तू तर सोमवारी निघणार होतीस."

"तूच म्हणालास, जसं निघायचं तसं भर," कोनी म्हणाली. "भरलंय."