सव्वीस दिवसांचा जिना

त्याला सगळे ‘दोनबोटे’ म्हणत. हातांची दहाही बोटं शाबूत असलेल्या सुताराला असलं नाव का, असं कुणी नव्याने विचारलं की तो स्वतःच हसत हसत सांगे. चोविसाव्या वर्षी त्याने पहिला जिना केला. वरच्या मजल्यापासून खालच्या जमिनीपर्यंत माप घेतलं, पायऱ्यांत सारखं वाटलं, जिना ठोकून उभा केला. खाली अजून फरशी बसायची आहे, हे मात्र त्याच्या ध्यानातच आलं नाही. फरशी बसली आणि खालची पायरी दोन बोटं बुटकी झाली. पाय मोठा आळशी प्राणी; वरच्या सगळ्या पायऱ्या सारख्या निघाल्या की शेवटचीही तेवढीच असणार असं धरून चालतो. घरमालक पहिल्याच दिवशी चहाच्या ट्रेसकट आपटला. कपबशा फुटल्या, गुडघा फुटला आणि सुताराने कानाला खडा लावला: जिना हे आपलं काम नाही.

पुढची सदतीस वर्षं त्याने दारं, खिडक्या आणि कपाटं केली. दारं अशी, की एका बोटाने ढकलावं आणि आवाज न करता मिटावं. जिन्याचं गिऱ्हाईक आलं की मेहुण्याकडे पाठवायचं. मेहुण्याचं त्यात नाव झालं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. याने तर ताक पिणंच सोडलं, आणि घरात दुसऱ्या कुणाला पिऊही दिलं नाही.

खरी गोम इथेच होती. मुलगी अठरा वर्षांची असताना तिला इमारतींचे नकाशे काढायला शिकायचं होतं. प्रवेशाचं पत्र घेऊन ती नाचत घरी आली. त्याने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, “आकडेमोड आपल्या घराण्याला मानवत नाही बाळा. जरा चुकलं तर लोक जन्मभर हसतात. मला विचार.” तिने ऐकलं. चांगल्या मुली ऐकतात, हीच त्यांची खोड. आता ती चौतीस वर्षांची होती आणि फरश्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहून, पावतीच्या पाठीवर गिऱ्हाइकांच्या बाथरूमचे नकाशे काढून देत होती. त्यात रेघेची चूक नसे. तसला एखादा कागद दिसला की तो नजर दुसरीकडे वळवायचा.

मेहुण्याचा खांदा निखळला, तेव्हा दातांची डॉक्टरीण याच्याकडे आली. नव्या दवाखान्यात तिला लाकडी गोल जिना हवा होता. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते “करतो.” कारण एकच. गावात नकाशे काढायचा संध्याकाळचा वर्ग निघाला होता आणि त्याचा फॉर्म आठवडाभर त्याच्या खिशात होता. स्वतः जिना केला, तर लेकीला ‘जा’ म्हणायला आपल्याला तोंड राहील, असा त्याचा हिशोब.

माप घेतलं, एकशे अठ्ठावीस इंच भरलं. खाली अजून कच्ची जमीन होती. त्याने लेकीला दुकानात फोन लावला.

“फरशी किती जाडीची बसते गं?”

“फरशी दहा मिलिमीटर, खालचा सिमेंटचा माल चाळीस. पन्नास झाले. दोन इंचाला जेमतेम एक मिलिमीटर कमी,” ती एका दमात म्हणाली. “का हो, बाबा?”

“सहज.”

एकशे अठ्ठावीसातून दोन गेले, एकशे सव्वीस. भागिले चौदा पायऱ्या, नऊ. बाकी शून्य. त्या शून्याकडे तो कितीतरी वेळ बघत बसला. एवढंच? मग काहीतरी नक्की राहिलं असणार, म्हणून कागद घेऊन तो मिस्त्रींकडे गेला. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते मिस्त्री आता चौऱ्याऐंशीचे होते, आणि गुडघ्यांवर घोंगडी टाकून खिडकीत बसून असत.

मिस्त्रींनी कागद डोळ्यांजवळ नेला. “बरोबर आहे. मग काय विचारायला आलास?”

“हेच, की बरोबर आहे का.”

“त्या पडझडीनंतर आलेला पुढचा जिना मी तुझ्यासाठीच ठेवला होता,” मिस्त्री म्हणाले. “महिनाभर थांबलो. तू फिरकला नाहीस. मग दिला तुझ्या मेहुण्याला.”

“मला वाटलं, तुम्ही आता देणार नाही.”

“मी नाही म्हटलं होतं?”

“लोक हसत होते, मिस्त्री. दोनबोटे म्हणत होते.”

“लोक?” मिस्त्री खोकल्यासारखं हसले. “अरे, ते नाव तूच पाडलंस. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तूच म्हणालास, ‘आजपासून मी दोनबोटे.’ लोकांनी हसायच्या आधी तूच हसून मोकळा झालास. त्या घरमालकाने गुडघा बरा झाल्यावर तुला कपाट करायला बोलावलं होतं, आठवतं?”

आठवत होतं. ते कपाट त्याने केलंही होतं. आपली कीव करून बोलावलं असणार, असं धरून तो सदतीस वर्षं जगला होता. मिस्त्रींच्या घरातून बाहेर पडताना त्याला स्वतःचा इतका राग आला, की चपला उलट्या पायांत घालून तो कोपऱ्यापर्यंत गेला.

मग मात्र तो कामाला भिडला. स्वतःच्या सुतारकामाच्या शेडमध्ये जमिनीवर प्लायवूड अंथरून अख्खा जिना खऱ्या मापात आखला, पाचरीसारख्या पायऱ्यांचा पुठ्ठ्याचा नमुना कापला, मधला खांब तासला. पहिल्या पायरीची खाच पटाशीने कोरताना त्याने माप चारदा घेतलं, तिसरीला एकदाच, सातवीला तो शीळ घालत होता. कठड्याचा बाक मेहुणा दोन तुकड्यांत जोडायचा. याने पातळ पट्ट्या चिकटवून एकसंध वळवला. गळ्यात हात अडकवलेला मेहुणा आला आणि दुसऱ्या हाताने कठड्याचा जोड शोधत राहिला. मेहुण्याला जोड न सापडणं म्हणजे प्रशस्तिपत्रच. फरशी बसली, जिना उभा राहिला, आणि सव्विसाव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, त्याने लेकीला दवाखान्यात बोलावून घेतलं.

ती आधी नुसती बघत राहिली. मग वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. पर्समधून टेप काढून तिने प्रत्येक पायरी मोजली.

“सगळ्या नऊ,” ती म्हणाली. “खालचीसुद्धा.” तिचे डोळे भरले होते. “बाबा, किती सुंदर झालाय! किती दिवस लागले?”

“सव्वीस. त्यातले चार पॉलिशचे.”

“खूप अवघड गेलं असेल ना?”

इथे त्याने घात केला. आनंद झालेल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं. “छे गं!” तो म्हणाला. “काही म्हणजे काही नव्हतं त्यात. शाळेतला भागाकार! मीच उगाच बागुलबुवा करून बसलो होतो.” आणि त्याने खिशातून फॉर्म काढला. “म्हणून म्हणतो, तूही आता…”

ती फॉर्मकडे बघतच नव्हती.

“काहीच नव्हतं?”

त्याला उशिराने कळलं.

“मला वाटायचं, बाबांनी जीव तोडून करून पाहिलं असेल,” ती हळू म्हणाली. “नसेल जमलं. म्हणून मला वाचवलं. सोळा वर्षं मी हेच सांगत आले स्वतःला.” तिने टेप पर्समध्ये टाकला. “अवघड होतं असं तरी म्हणा ना.”

एवढं एक खोटं बोलायला काय हरकत होती? गिऱ्हाइकांना तो रोज ‘परवा नक्की’ म्हणून सांगे. पण चौदा पायऱ्या समोर उभ्या होत्या आणि ती त्या मोजून आली होती.

“नव्हतं,” तो म्हणाला. “चुकलं माझं. पण तू जा गं. अजून वेळ गेलेली नाही. हे बघ, माझं वय एकसष्ट.”

तिने फॉर्म घेतला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नीट वाचला, घडी घालून परत त्याच्या हातात दिला.

“मला नाही जमायचं, बाबा.”

त्यात टोमणा असता तर त्याने आनंदाने सोसला असता. पण ती मनापासून बोलत होती. दुकानात एखादी फरशी संपली असेल तर गिऱ्हाइकाला सांगावं, तितक्या साधेपणाने.

“तुला? अगं, फोनवर तू मला एका दमात…”

“ते दुकानातलं. ते वेगळं.”

“कोण म्हणतं तुला जमणार नाही म्हणून?” त्याचा आवाज चढला. “कोण म्हणतं, सांग मला!”

तिने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं.

“कुणी कशाला म्हणायला हवं?” ती म्हणाली. “मला माहीत आहे ना.”

मग तिने त्याच्या शर्टावरचा भुसा झटकला, सुट्टी संपत आली म्हणाली आणि भराभर चालत दुकानाकडे गेली.