तांबड्या उजेडातली फुली

मी भिंगारच्या एका फोटोच्या दुकानातली तांबडी काच. दुकान शांतवनचं. त्याच्या काळोख्या खोलीच्या भिंतीत मला बसवलंय. बाहेरचं ऊन माझ्यातूनच आत येतं.

लोक म्हणतात, काच उन्हाला रंग देते. काय देते? पांढऱ्या उन्हात सगळेच रंग असतात. त्यातले निळे-हिरवे मी गिळते, तांबडा तेवढा सोडते. साडीचा रंग, भिंतीचा रंग, सगळे असेच खादाड. निळा उजेड लागला की फोटोची प्लेट वाया जाते, म्हणून मला इथे आणलं. वीस वर्षं शांतवन माझ्याच उजेडात काम करतो, पण हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

साल त्रेचाळीस. कर्जतकडचा गहिनीनाथ पलटणीबरोबर ब्रह्मदेशाला निघाला. जाताना आईसाठी फोटो काढून गेला. ती प्लेट शांतवनने आतून काळा कागद लावलेल्या पांढऱ्या लखोट्यात भरली आणि त्याची बायको मरिया हिने बाहेर उजेडात वरून लाल पेन्सिलीने ठसठशीत फुली मारली: वापरलेली आहे, हात लावू नका.

शांतवनने आत येऊन नेमका तोच लखोटा कोरा समजून उचलला आणि त्याच प्लेटीवर कॅम्पातल्या साहेबाच्या कुत्र्याचा फोटो काढला.

आठवड्याने गहिनीनाथची आई राहीबाई फोटो न्यायला आली.

"माज्या लेकाच्या छातीवर ह्ये कुत्रं कुनी बसवलं?"

शांतवन मरियावर घसरला. "तू फुली मारलीच नाहीस."

"मारली. डोळे तपासून घ्या."

तो तणतणत आत आला, लखोटा शोधून माझ्या उजेडात धरला. "या, बघा. कोरा आहे." राहीबाई मागोमाग आली. तो तिच्याकडे वळला आणि तिच्या कपाळाकडेच बघू लागला.

"राहीबाई, तुमचं कुंकू?"

"हाय की. सकाळीच लावलंय."

कपाळ मोकळं दिसत होतं. त्याने तिला दाराबाहेर नेलं. बाहेर रुपयाएवढं कुंकू. आत आणलं, कुंकू नाही. मग लखोटा बाहेर नेला. फुली जिथल्या तिथे.

त्याच्या ख्रिस्ती घरात कुंकू लावतं कोण? वीस वर्षांत या खोलीत कुंकू आलंच नव्हतं, म्हणून हा आंधळाच राहिला.

राहीबाईने घाबरून कपाळ चाचपलं. मग विचारलं, "दुसरा फोटू न्हाई निघायचा?"

"तो तर ब्रह्मदेशाला गेला, बाई. कुत्रं तेवढं खरडून काढतो."

तिने फोटो पदरात गुंडाळला. "ऱ्हाऊ द्या. तितं त्याच्यासंगं जागं ऱ्हानारं कुनीतरी असू द्या."

मरिया आता काळ्या शाईने फुल्या मारते. आणि शांतवन? गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, ही काच कुंकू खाते. धादांत खोटं. जगातला एक तांबडाच तर मी खात नाही. माझ्या उजेडात सगळंच तांबडं, कपाळही आणि कुंकूही. मग ते वेगळं दिसणार कसं?

माझं तडकायचं वय झालंय. कर्जतकडे कुणी जाणार असेल तर राहीबाईला एवढं सांगा: त्या दिवशी तुझं कुंकू कुठेही गेलं नव्हतं.