उजव्या गालावरचा तीळ

फोरमन म्हणाले, "ताई, हे काम तुमच्याकडे नको. तुम्ही तिच्या फॅन आहात ना."

नको म्हणजे? चौदा वर्षं या प्रेसमध्ये छापून आलेला कागद मी तपासतेय. आमची लाडकी गायिका सहा वर्षांनी नवी गाणी आणतेय, त्या रेकॉर्डचं कव्हर नेमकं आमच्या मशीनवर आलंय, आणि मी म्हणे खोकल्याच्या औषधाची खोकी तपासायची!

"फोटो बाहेर फुटला तर कंपनी आपल्याला कोर्टात खेचेल. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही हो, पण..."

त्या 'पण'ने माझं डोकंच सटकलं. गणिताच्या परीक्षेचे पेपर इथे छापले, तेव्हा माझी सख्खी मुलगी त्या परीक्षेला बसली होती. घरी मी चकार शब्द काढला नाही. कार्टी नापास झाली! तेव्हा बरं कुणी म्हणालं नाही की ताई, तुम्ही आई आहात, हे काम तुमच्याकडे नको. आई चालते, फॅन चालत नाही. वा रे न्याय!

पण बोलून उपयोग काय? तीन दिवस मी खोकी तपासली. पलीकडे मोठं मशीन धडधडत होतं आणि माझे कान तिकडेच. शुक्रवारी गाणी आणि रेकॉर्ड एकदमच बाहेर येणार होती. मी आणि मुलीने सुट्टीसुद्धा टाकून ठेवली होती.

मंगळवारी पाणी प्यायला गेले, तर वाटेतच छापलेल्या कागदांचा गठ्ठा. मी मुद्दाम नजर वळवली, देवाशपथ. पण चेहराच एवढा मोठा छापलेला, दिसणार नाही तर काय! आणि मी जागीच थांबले. तिचा तीळ डाव्या गालावर आहे. इथे उजव्या गालावर.

खरं सांगते, गप्प बसावं असं मनात आलं. आता काम थांबलं तर शुक्रवार गेलाच. सहा वर्षं वाट बघितलेला शुक्रवार! तीळ कुणाच्या लक्षात येतोय? पण मला तर आला होता. आणि कागद तपासायचे मला पैसे मिळतात, मग माझ्या टेबलावर खोकी असोत नाही तर काही असो.

"फोटो आरशातल्यासारखा उलटा लागलाय," मी फोरमनना म्हटलं.

"झालं! लागलं फॅनचं वेड दिसायला," ते हसले. "अहो, प्रूफवर कंपनीची सही आहे."

"मग आणा ते प्रूफ."

"ताई, तुम्ही खोक्यांचं बघा."

मशीनवाल्याला म्हटलं, बंद कर. तो फोरमनच्या तोंडाकडे बघत बसला. तेव्हा मीच पुढे झाले आणि लाल बटण दाबलं. मशीन थांबलं. फोरमन असे ओरडले की बाइंडिंगवाले धावत आले.

"नोकरी जाईल, कळतंय का!"

"जाऊ दे. आधी प्रूफ आणा!"

आणलं. प्रूफवर तीळ डाव्या गालावर. सही झाल्यावर कंपनीने कडेच्या अक्षरांत एक दुरुस्ती करून नवी फाइल पाठवली होती, आणि त्या फाइलमध्ये फोटो उलटा झाला होता. आमच्या माणसांनी तेवढी दुरुस्ती तपासली आणि मशीन सुरू केलं. चेहऱ्याकडे कुणी बघितलंच नाही. आठ हजार कव्हरं रद्दीत!

फोरमननी कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाले, "बरं झालं, तुम्ही फॅन आहात ते." हे ऐकून तर मला जास्तच राग आला. माफी नाही, काही नाही! वर बजावलं, "हे बाहेर बोलायचं नाही हं, ताई." मलाच!

संध्याकाळी घरी आले तर मुलगी फोन हातात घेऊन पाय आपटत होती.

"आई, बघितलंस? तीन आठवडे पुढे ढकललं! छपाईची चूक म्हणे. कुठल्या गाढवाने काम थांबवलं देव जाणे! थोडं इकडेतिकडे झालं असेल, चालवून घ्यायचं ना! सापडू दे मला तो माणूस."

मी पर्स खुंटीला अडकवली. हात धुतले.

"अगं, काहीतरी बोल ना! तुला राग नाही येत?"

"जेवायला चल," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी तिचीच सहा वर्षं घालवली.

"कसली गं फॅन तू, आई?"

मी ताटं घेतली. तिच्यापुढचं ताट जरा जोरात आपटलं, तेवढंच.