‘आठवणीने’ची एकच चिठ्ठी

शब्दकोशाच्या कचेरीत तीस वर्षं अर्थ लावता लावता बाईंचे केस पिकले होते. पण ‘आठवण’ या शब्दाचा खोका टेबलावर आला, तेव्हा त्यांनी हातातलं सगळं काम बाजूला सारलं.

खोक्यातल्या उदाहरणांच्या चिठ्ठ्या बाईंच्या बाबांच्या हातच्या होत्या. तेही इथेच नोकरीला होते. उदाहरण मनाने रचायचं नाही, कुणीतरी खरंच बोललेलं हवं, हा इथला दंडक. बाबांनी तो घरीही पाळला. जेवताना कुणी बोललं की उष्ट्या हाताने खिसा चाचपायचे, वाक्य चिठ्ठीवर जसंच्या तसं टिपायचे आणि मागे बोलणाऱ्याचं नातं लिहायचे. पाहुणे बिचारे तोंड मिटून जेवत.

बाई तीन वर्षांच्या असताना आई दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. तिचा फोटो होता, पण तिचं एक वाक्यसुद्धा बाईंजवळ नव्हतं. या खोक्यात तरी सापडेल, ही त्यांची शेवटची आशा. बाबा होते तेव्हा त्यांच्याकडे आईचा विषय काढला की ते भलतंच विचारत, “स्वेटर घातलास का?” तेही भर उन्हाळ्यात! बाईंना चष्मा लागला तरी तेच.

“बाबा, घाम निथळतोय!” म्हणून त्या करवादायच्या.

बाईंनी चिठ्ठ्या अर्थांप्रमाणे लावायला घेतल्या. आठवण येते ती वेगळी, काढतात ती वेगळी. ‘आत्ताच तुमची आठवण काढली,’ शेजारीण. ‘आठवण म्हणून ठेव हे पेन,’ मित्र. ‘मेलीला आठवण कशी ती राहत नाही,’ आत्या. बाईंना हसू आलं. मेली म्हणजे त्याच. दुपार सरली, खोका रिकामा होत आला, आई काही सापडेना. तळाशी ‘आठवणीने’, म्हणजे न चुकता. एकच चिठ्ठी.

‘अहो, पोरीला आठवणीने स्वेटर घालत जा. मी आल्यावर विचारणार आहे.’

मागे लिहिलं होतं, ‘बायको, दवाखान्यात जाताना.’

बाईंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. डोळे पुसले आणि नोंद साहेबांपुढे ठेवली.

“झकास,” साहेब म्हणाले. “फक्त दुसरं वाक्य उडवा. अर्थ पहिल्यातच कळतो.”

“नाही उडवणार.” तीस वर्षांत बाई पहिल्यांदाच असं बोलल्या.

“का हो?”

“आई आल्यावर विचारणार होती ना, साहेब. बाबा जन्मभर उत्तर तयार ठेवून बसले होते.”